मोरी, खुंटी आणि सायकलीपुरती जागा

प्रति,
पुण्यातल्या कचेऱ्यांचा आणि बिझनेस पार्कांचा कारभार पाहणारे सर्व अ‍ॅडमिन मॅनेजर, फॅसिलिटी मॅनेजर आणि एचआरवाले यांस,

स. न. वि. वि.

सायकलींविषयीची पत्रं सहसा महापालिकेच्या पत्त्यावर जातात. हे मुद्दाम तुमच्या पत्त्यावर पाठवतोय. खड्डे, सायकल ट्रॅकवर मांडलेली गाडी, मध्येच संपणारा ट्रॅक यांवर लिहिणारे या शहरात भरपूर आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. डिसेंबर २०१७मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमाराला भाड्याच्या पिवळ्या-केशरी सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या आणि पुढे दिसेनाशा झाल्या, हेही तुम्ही पाहिलंच आहे. तो विषय मी इथंच सोडतो. सहा वर्षं सायकलनं ऑफिसला गेल्यावर माझं मत असं झालंय की माणसाची सायकल रस्त्यापेक्षा ऑफिसच्या गेटवरच जास्त सुटते. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये. आणि तेवढे पन्नास मीटर कुठल्याही पालिकेच्या नाही, तुमच्या हातात आहेत.

मी बिबवेवाडीत राहतो, नोकरी कल्याणीनगरला. मार्केटयार्डाच्या बाजूनं खाली उतरायचं, सेव्हन लव्हज चौक, शंकरशेठ रस्ता, गोळीबार मैदान, कॅम्प, मग बंडगार्डन, आणि नदी ओलांडली की आलंच. अंतर साडेदहा किलोमीटर, वेळ पंचेचाळीस मिनिटं. शेजारचा मुलगा त्याच भागात मोटारसायकलनं जातो, त्याला सकाळच्या गर्दीत चाळीस लागतात. ती पाच मिनिटं मी त्याला उदार मनानं देऊन टाकली आहेत. सकाळी बराचसा उतार असतो. संध्याकाळी चढ, पण घामानं निथळत घरी गेलो तर विचारणारी एकटी बायको, आणि तिला आता सवय झालीय. पावसाचं म्हणाल, तर पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. सकाळी नऊच्या सुमाराला खरोखर चिंब करणारे दिवस मी एका पावसाळ्यात मोजले होते. तेवीस भरले. त्या दिवशी बस.

थोडक्यात, रस्त्याचं जमून जातं. न जमणारी गोष्ट पुढे सुरू होते.

सायकलवरून पहिल्यांदा गेलो तेव्हा गेटवरच्या काकांनी हात आडवा केला. "डिलिव्हरी मागच्या गेटनं." मी ओळखपत्र दाखवलं. काका ओशाळले, पण बाजूला झाले नाहीत. "सर, सायकल आत घ्यायची ऑर्डर नाय." मग लावू कुठं, असं विचारलं. ते म्हणाले, "आम्ही लावतो तिथं लावा."

'आम्ही लावतो तिथं' हे ठिकाण त्या दिवसापर्यंत मला माहीतच नव्हतं. आमच्या इमारतीच्या मागे, जनरेटरच्या पलीकडे, कंपाउंडच्या भिंतीबाहेर एक मोठं झाड आहे. त्याखाली अकरा सायकली उभ्या होत्या. बहुतेक जुन्या, घोडीवर चढवलेल्या, सीटवर दुधाची पिशवी ओढून बांधलेली, हँडलला डब्याची कापडी पिशवी. एकीच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून मुलाला बसायला जागा केलेली. सिक्युरिटीतले काका, हाउसकीपिंगची मुलं, कँटीनमधला पोळ्या लाटणारा, बागेचं पाहणारे मामा. येरवडा, वडगाव शेरी, लोहगाव, चंदननगर. सकाळी आठ ते रात्री आठ ड्यूटी. म्हणजे ज्या इमारतीत 'सायकलनं कोणी येत नाही' असं मी स्वतः चारचौघांत म्हणत होतो, तिथं माझ्याआधी रोज अकरा जण येत होते, आणि त्यांची सायकल ही काही 'आवड' नव्हती.

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या दिवशी मी लगेच एक कडक ई-मेल लिहिला. चार दिवसांत उत्तर आलं : 'विशेष बाब म्हणून' मला माझी सायकल बेसमेंटमध्ये खांबाशेजारी लावायची परवानगी मिळाली. माझी सायकल चाळीस हजारांची, गिअरची, दिसायला बरी. काकांनी आता मला गेटवर सलाम केला आणि मी आत गेलो. त्यांची सायकल बाहेरच राहिली. पुढची काही वर्षं मी ती सवलत घेतली आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा पुढचं सगळं वाचताना मी वरच्या पायरीवर उभा राहून बोलतोय असं समजू नका.

गेल्या जुलैमध्ये एका दुपारी वाऱ्यापावसात त्या झाडाची फांदी पडली. तीन सायकली खाली सापडल्या. गेटवरच्या काकांच्या सायकलचा पुढचा चिमटा वाकला, चाकाचा आठ झाला. रात्री साडेआठला मी निघालो तेव्हा ते सायकल खांद्यावर टाकून लोहगावच्या दिशेनं चालत होते, कारण ती ढकलताही येत नव्हती. सोडायला रिक्षा बघू का म्हटलं, तर म्हणाले, "नको सर, रिक्षात सायकल बसत नाय." त्या रात्री घरचा चढ मला नेहमीपेक्षा जास्त लागला. हे पत्र तेव्हापासून डोक्यात आहे.

आता तुमच्या भाषेत बोलतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे दरवर्षी एक फॉर्म येतो : 'तुम्ही ऑफिसला कसे येता?' शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणं सक्तीचं झालं, आणि कार्बनच्या हिशोबात 'स्कोप थ्री' नावाच्या खात्यात (म्हणजे कंपनीच्या थेट ताब्याबाहेरचं उत्सर्जन) कर्मचाऱ्यांचा ये-जा प्रवास हा सातवा प्रकार आहे, म्हणून हा फॉर्म. तो जातो कंपनीच्या ई-मेलवर. काकांना कंपनीचा ई-मेल नाही, ते कंत्राटदाराकडे. कँटीनवाल्याला नाही, मामांना नाही. आमच्या फॉर्मचा निकाल लागला तेव्हा सायकलनं येणारे निघाले तीन. मी, एक तामिळ सहकारी, आणि एकानं बहुधा चुकून टिक केलं होतं, कारण त्याला मी कधी सायकलवर पाहिलं नाही. भिंतीबाहेरच्या अकरांचा त्या कागदावर पत्ताच नाही. २०११च्या जनगणनेत शेतीबाहेरची कामं करणाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. देशभरात सायकलनं कामाला जाणारे सुमारे १३ टक्के निघाले आणि मोटारीनं जाणारे ३ टक्क्यांच्याही आत. तुमची पार्किंगची पातळीवर पातळी खोदलेली तळघरं कोणासाठी आहेत, हे त्या दोन आकड्यांशेजारी ठेवून बघा.

पार्किंगचंच घ्या. एका मोटारीची चौकट अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. तेवढ्यात दहा सायकली आरामात मावतात. आमच्या तळघरात कोपऱ्यातली एक चौकट अशी आहे की खांबामुळे तिथं मोटार धड लागतच नाही. दोन जणांनी बंपर घासून घेतल्यावर तिथं आता पाण्याचे रिकामे जार ठेवतात. मी जागा मागतोय ती हीच. नवी काही मागत नाही.

आणि मोरी. तुम्ही 'शॉवर फॅसिलिटी' म्हणता, मी मोरी म्हणतो, कारण 'शॉवर' म्हटलं की लगेच कोटेशन, टाइल्स आणि काचेचा दरवाजा डोळ्यांसमोर येतो. सायकलनं आलेल्या माणसाला एक नळ, बादली, तांब्या, दोन खुंट्या आणि आतून लागणारी कडी एवढं पुरतं. पाच मिनिटांचं काम. ते नसलं की काय होतं ते सांगतो. टॉयलेटच्या ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात मोजा चढवायचा. पँटचा काठ भिजू नये म्हणून ती दातात धरायची. आणि नेमके त्याच वेळी साहेब हात धुवायला यायचे. वॉशबेसिनवर मान ओली केली तर पाटी : 'कृपया येथे अंघोळ करू नये.' ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला तर 'वर्कप्लेस एटिकेट'चं सर्वांना उद्देशून पत्र, ज्यात नाव कोणाचंच नसतं आणि सगळे तुमच्याकडे बघतात. माझ्याबरोबर सायकल सुरू केलेले दोघं याच पायरीवर गळले. त्यातली एक मुलगी होती. रस्त्याला ती घाबरली नाही. कपडे बदलायला जागा नाही म्हणून तिनं सोडलं.

आता या पत्रातला मला सगळ्यात आवडणारा भाग. आमच्या इमारतीच्या स्वागतकक्षात काचेची एक गोल पाटी आहे, हिरव्या इमारतीचं प्रमाणपत्र. लीड नावाचं. अमेरिकेतल्या ग्रीन बिल्डिंग काउन्सिलनं सुरू केलेली ही मानांकनाची पद्धत, तुम्ही मंडळी तिला चांगलीच ओळखता. तिच्या चौथ्या आवृत्तीत सायकलींच्या सोयीला एक गुण आहे. तो घ्यायचा असेल तर नेहमी काम करणाऱ्या माणसांपैकी निदान ५ टक्क्यांना पुरेल एवढी सायकलींची सुरक्षित जागा हवी, शिवाय पहिल्या शंभर माणसांसाठी एक शॉवर आणि पुढं दर दीडशेंमागं आणखी एक. मला ही माहिती एका आर्किटेक्ट मित्रानं चहा पिता पिता दिली आणि म्हणाला, "बघ की, तुमच्याकडं असेल कुठंतरी."

आगीच्या वेळी बाहेर पडायच्या रस्त्याचा नकाशा प्रत्येक मजल्यावर लावलेला असतो. तळघराचा नकाशा मी पहिल्यांदाच नीट वाचला. लिफ्टच्या मागे एक छोटी चौकट आणि त्यावर लिहिलेलं : 'शॉवर.' म्हणजे मोरी आहे! बांधली तेव्हापासून आहे. दाराला कुलूप. हाउसकीपिंगच्या सुपरवायझरनं किल्ली आणून दार उघडलं. आत मोडक्या चाकांच्या खुर्च्या, आकाशकंदिलांचं खोकं, फरशी पुसायची यंत्रं आणि ऑफिसच्या गणपतीचं मखर. मखराच्या मागे, भिंतीवर, प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा न काढलेला शॉवर. मी हसत सुटलो. सुपरवायझरला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. म्हणाला, "सर, मखर ठेवायला दुसरी जागाच नाही."

तेव्हा तुम्हा सगळ्यांना विनंती : नवं काही बांधायच्या आधी आपापल्या इमारतीचा नकाशा एकदा काढा. तुमच्याकडेही एखादी मोरी मखराखाली दबलेली असू शकते.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कारखाना १८६९ सालचा, वडील अर्थातच नंतरचे. कसब्यातून रोज सायकलनं जायचे. काळी हर्क्युलिस, चोवीस इंची, पँटला क्लिपा, रात्रपाळीला डायनॅमो. दिव्याशिवाय दिसलात की हवालदार चाकातली हवा सोडायचा, डबलसीट दिसलात की पावती, आणि वर्षाचा कर भरल्याचा पालिकेचा बिल्ला सायकलला लावलेला हवा, असे ते दिवस. भोंगा झाला की खडकीच्या रस्त्यावर सायकलींचा पूर यायचा, हे पाहिलेली माणसं पुण्यात अजून आहेत. वडील सांगायचे त्यातली एक गोष्ट मला आता उमगते. कामगारांच्या सायकलींना पत्र्याची लांबलचक शेड होती, रांगांना आकडे, राखायला माणूस. साहेबांच्या चार-दोन मोटारी बाहेर उन्हात तापायच्या. यात कोणी कामगारांवर फार मोठं प्रेम करत होतं असं नाही. माणसं सायकलनं येतात, तर सायकलींची सोय केली पाहिजे, एवढा साधा हिशोब होता. पुढं स्कूटर आली, वडिलांनीही निवृत्तीआधी घेतली. मी काही 'सायकलींचं पुणं परत आणा' म्हणणाऱ्यांतला नाही. ते पुणं चाळीस लाख माणसांचं नव्हतं.

मात्र तुम्ही ते पुणं वर्षातून एक दिवस परत आणता, म्हणून बोलायला लागतं. ३ जून, जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१८मध्ये जाहीर केला. (पुढे २०२०च्या नेमक्या त्याच तारखेला अ‍ॅटलस या सायकल कंपनीनं दिल्लीजवळच्या साहिबाबादचा कारखाना बंद केला. कोणत्याही भाषणात हे ऐकलं नाही.) गेल्या वर्षी आमच्याकडे पांढरे टी-शर्ट, केळी, ग्लुकोज आणि पाच किलोमीटरची फेरी झाली. निम्म्या सायकली मोटारींच्या टपावर लादून आणलेल्या. त्या सगळ्या त्या दिवशी पुढच्या गेटनं आत आल्या, दर्शनी लॉनवर उभ्या राहिल्या आणि त्यांचा फोटो निघाला. दोरी धरायला काका होते. त्यांची सायकल कुठं होती ते वर लिहिलंच आहे.

तुमच्या हरकती मला ठाऊक आहेत, कारण त्या मला लेखी मिळाल्या आहेत. सायकल चोरीला गेली तर जबाबदार कोण? स्कूटरला जो जबाबदार तोच, तशी पाटी तुम्ही लावलेलीच आहे. उतारावर अपघात होईल? तळघराचा उतार पावसात निसरडा होतो हे खरं आहे. आम्ही उतरून सायकल हातात धरून नेऊ, फक्त 'सायकलींना मनाई' हा बोर्ड काढा. एकाला दिली की सगळे मागतील? हो, मागतील. तीच तर इच्छा आहे. उरते ती हरकत कोणी लिहून देत नाही : क्लायंट येतात, पुढच्या बाजूला जुन्यापान्या सायकली बऱ्या दिसत नाहीत. ती निदान तोंडानं तरी बोलून दाखवा, म्हणजे उत्तर देता येईल.

करायचंच ठरवलंत तर एक-दोन कामाच्या गोष्टी. शाळेत असतात तसे पुढचं चाक अडकवायचे स्टँड घेऊ नका. शेजारची सायकल कलंडली की चाक आउट होतं आणि कुलूप फक्त चाकाला लागतं. जमिनीत पक्का रोवलेला उलट्या यू आकाराचा पाईप सगळ्यात चांगला, मांडीएवढा उंच, दोन पाइपांमध्ये मीटरभर जागा. दोन्ही बाजूंना एकेक सायकल टेकते, कुलूप फ्रेमला बसतं. कुठलाही फॅब्रिकेटर एका दिवसात करून देतो. घोडीवाल्या सायकलींना तर तेही नको, फक्त वर छप्पर आणि खाली सपाट जमीन. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये पायानं दाबायचा एक हवेचा पंप ठेवा. रात्री आठला ड्यूटी संपलेल्या माणसाला पंक्चरवाला सापडत नाही. आणि सायकलच्या पासासाठी फॉर्म काढलाच, तर तो कागदाचा काढा, मराठीत, आणि कंत्राटदाराच्या माणसांनाही भरू द्या. किती जण येतात हे तुम्हाला त्यातून पहिल्यांदा कळेल. तुमच्या अहवालालाही ते शोभून दिसेल. त्यासाठी केलंत तरी माझी तक्रार नाही.

तुमच्यापैकी एक जण माझ्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसतात. त्यांना एवढंच की जुलैपासून मी बेसमेंटमधली माझी 'विशेष बाब' सोडली आहे आणि सायकल भिंतीबाहेर झाडाखाली लावतो. काकांच्या सायकलला चिमटा नवा बसला, चाक अजून थोडं लपकतं. तिथं आता आम्ही बारा आहोत. शॉवरची किल्ली मागायला मी सोमवारी दहा वाजता वर येतोय. तोपर्यंत मखरासाठी दुसरी जागा बघून ठेवाल का?

आपला,
बिबवेवाडीहून येणारा एक कर्मचारी